तिसरी शेगडी

आमच्या घरात बाजार पुरुषांनी करायचा आणि स्वयंपाक बायकांनी, हे इतकं पक्कं होतं की लग्न होऊन मी आले तेव्हा बाजाराची पिशवी कुठल्या खिळ्याला असते हेसुद्धा मला कुणी दाखवलं नाही. दर गुरुवारी सासरे एसटीने बारामतीला जायचे. गाव इंदापूर तालुक्यातलं, पण आमचा बाजारहाट सगळा बारामतीचा. दुपारी ते दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन परत यायचे आणि सासूबाई त्या पिशव्या स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथ्या करायच्या. मग अर्धा तास त्या वांगी दाबून बघत आणि बोलत. ‘ही काय वांगी हायती? दगडं आणल्यात.’ मामा बाहेर ओट्यावर बसून हसायचे. सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणायची आमच्याकडे रीत आहे, म्हणून पुढे तसंच लिहिते.

त्या फरशीवरच आठवड्याची रात्रीची जेवणं ठरायची. गुरुवारी मेथी किंवा चुका, कारण पालेभाजी टिकत नाही. मग वांगी, गवार, दोडका. सोमवारपर्यंत बटाटे आणि मोडाची मटकी. मंगळवारी शेंगदाण्याची आमटी. बुधवारी घरात कांदा-लसूण सोडून काही शिल्लक नसायचं, म्हणून बुधवारी पिठलं. मी वालचंदनगरच्या कंपनीच्या क्वार्टर्समध्ये वाढले. तिथे वडिलांची पाळी संपली की आई आणि ते समोरासमोर बसून जेवायचे. इथे आधी पुरुष, मग पोरं, मग आम्ही दोघी जावा, आणि आत्या सगळ्यात शेवटी. पहिल्या वर्षी मला याचा फार राग यायचा. पुढे सवय झाली, आणि सवय झाली याचाही कधी कधी राग येतो.

आमच्या चुली वेगळ्या झाल्या त्याला काही मोठं भांडण कारण झालं नाही. लोकांना वाटतं की झालंच असणार, आणि खरं सांगितलं तर ते निराश होतात. थोरल्या दिरांच्या पोरांच्या शाळेमुळे त्यांना सगळं लवकर लागायचं. माझे मालक बारामती एमआयडीसीत कामाला. मोटारसायकलने घरी यायला त्यांना रात्रीचे नऊ वाजायचे, तेव्हा मला पुन्हा भाकऱ्या गरम कराव्या लागायच्या. सिलेंडर कुणी संपवला, तेल कुणी जास्त ओतलं, अशी बारीक कुरकुर वाढली. मग दोघा भावांनी शहाण्यासारखं बसून ठरवलं की कटुता यायच्या आत वेगळं व्हावं. मधे एक भिंत घातली. डबे, भांडी, परात, पाटा सगळं वाटलं. कुणावर अन्याय व्हायला नको म्हणून दोघे इतके जपत होते की एका पातेल्याच्या बदल्यात दोन तांबे दिले गेले. आणि त्याच हिशेबाने आत्या थोरल्याकडे आणि मामा आमच्याकडे, असं ठरलं. झोपायला मामा पूर्वीसारखे ओट्यावर आणि आत्या थोरल्यांच्या माजघरात. म्हणजे फक्त ताटं बदलली. तेव्हा सगळ्यांना ते फार रीतसर वाटलं. भावकीतले एक आबा तर म्हणाले, ‘असं समजुतीनं वाटप व्हायला पायजे बघा प्रत्येक घरात.’

मामांचा बाजार मात्र चालूच राहिला, आता दोन घरांचा. थोरल्या जाऊबाईंनी दिलेले पैसे डाव्या खिशात, मी दिलेले उजव्या. कोबीचा एकच मोठा गड्डा आणायचे आणि ओट्यावर बसून विळ्याने बरोबर मधोमध कापायचे. जाऊबाई आणि मी आपापला अर्धा गड्डा घेऊन आत जायचो. आत्या त्यांच्या दारात उभ्या राहून बघायच्या, पण वांग्यांवरून बोलणं त्यांनी सोडून दिलं होतं. पिशवी आता सुनांची होती ना.

मामा माझ्याकडे जेवायला आले आणि मी हौसेने कामाला लागले. माझ्या हाताला चव आहे, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत माणूस म्हातारं होतं. भरलं वांगं केलं, हुलग्याचं माडगं केलं, ज्वारीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. मामा खायचे आणि ‘झ्याक झालंय’ म्हणायचे, आणि अर्ध्या भाकरीत उठायचे. अंधार पडला रे पडला की त्यांना वाढायचं. मी म्हणायची, मामा, आमटीला अजून उकळी यायचीय. ते म्हणायचे, ‘आसूंदे. हाय ते वाढ.’ मग चटणी, कांदा, ताक आणि अर्धी भाकरी. घाईघाईने चार घास, की ओट्यावर जाऊन चूळ भरणं. शेतात दिवसभर राबलेला माणूस, ज्याला पूर्वी तीन भाकऱ्या लागायच्या.

दिवाळीपर्यंत त्यांच्या गालाची हाडं वर आली. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. बारामतीच्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले काही दोष नाही, वयच आहे, जेवण वाढवा. हे ऐकून मला इतका संताप आला! जेवण वाढवा म्हणे. म्हणजे मी काय उपाशी ठेवते? गावात तर कुजबुज होतीच की धाकटीकडे म्हातारा वाळला. मी भाजीत तेल वाढवलं, मग कमी केलं, तिखट बंद केलं, भाकरीऐवजी चपाती केली. मामा पुन्हा ‘झ्याक’ म्हणाले आणि पुन्हा अर्ध्यात उठले. मला रडूच यायचं बाकी होतं.

त्याच सुमारास आत्यांना एकदा संध्याकाळी घेरी आली. घामाने लुगडं भिजलं, हात थरथरायला लागले. जाऊबाईंनी धावत जाऊन तोंडात साखर घातली, मग त्या सावरल्या. त्यांना मधुमेह आहे, रात्रीची गोळी जेवणाच्या आधी असते. जाऊबाईंनी शपथेवर सांगितलं की मी ताट वेळेवर वाढलं होतं, आणि त्यांनी ते वाढलंच असणार, घड्याळ लावून चालणारी बाई ती. सगळ्यांनी उन्हाला दोष दिला. थंडीचे दिवस होते, तरी.

मग एका संध्याकाळी माझं विरजण संपलं. मामांना ताट वाढून दिलं आणि वाटी घेऊन मी पलीकडे गेले. थोरल्या घरातले सगळे जेवून टीव्हीसमोर बसले होते. आत्या स्वयंपाकघरात एकट्या, भिंतीला पाठ लावून. पुढ्यात ताट वाढलेलं, भाजी वरून सुकलेली, भाकरी वाकडी झालेली. गोळीचं रिकामं पाकीट शेजारी.

मी म्हटलं, ‘आत्या, जेवत का नाही?’

‘जेवते की.’

‘कधी? भाजी गार झाली.’

‘त्येंचं हुंदे की आदी.’

मला आधी कळलंच नाही की कुणाचं. तेवढ्यात आमच्या बाजूच्या ओट्यावर तांब्या आपटला आणि मामांनी चूळ भरल्याचा आवाज आला. आत्यांनी लगेच भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. जसं काही मी तिथे नव्हतेच.

मी विरजण न घेताच परत आले. मामांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मामा गोठ्यात वैरण टाकत होते, तिथे मी त्यांना गाठलं. सरळ विचारलं, कारण मला आडवळणाने विचारता येत नाही. ते बराच वेळ वैरण सारखी करत राहिले. मग म्हणाले, ‘तिला गोळी असती. घेतली की लगीच खावं लागतंय. म्या उठल्याबिगर ती घास तोडत न्हाय. मग काय करू? हितं बसून आमटी वरपू व्हय?’

‘मग त्यांना सांगा ना, की तुम्ही जेवत जा.’

‘सांगितलं. लय येळा सांगितलं. आयकती व्हय ती?’ आणि मग आवाज खाली आणून, ‘तू कुणाला बोलू नगंस. पोरं म्हणतील, ह्या वयात काय ही थेरं.’

मी गोठ्यातल्या दगडावर बसले. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन म्हातारी माणसं एकमेकांसाठी उपाशी राहत होती, आणि आम्ही दवाखान्याच्या फायली वाढवत होतो. जन्मात कधी एका पंगतीला न बसलेली ही जोडी. तो जेवणार, ती वाढणार आणि मागून खाणार. मी त्याला जुलूम म्हणत आले होते. तो जुलूम होताच, अजूनही मी तसंच म्हणेन. पण त्यात दुसरंही काही होतं, आणि ते भिंत घालताना कुणाला दिसलं नाही.

मामांनी नको म्हटलं तरी मी बोललेच. आधी मालकांशी, मग जाऊबाईंशी. जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्यांचा जीव चांगला आहे, फक्त घड्याळ फार आहे. रविवारी सकाळी ओट्यावर सगळे बसले. दोघे भाऊ खाली मान घालून. थोरले दीर म्हणाले, ‘मग आसं करू. दोघंबी एक महिना हिकडं, एक महिना तिकडं. कुणावर भार न्हाय.’ मालकांनी मान हलवली. परत तेच. वाटप सुधारून आणलं होतं, एवढंच.

आत्या दाराच्या आत जमिनीवर बसल्या होत्या, गवारीच्या शेंगा मोडत. हात न थांबवता त्या म्हणाल्या, ‘आमाला बारका सिलेंडर आणा एक. आन् शेगडी. आमी आमचं करून खातो.’

थोरले दीर लालबुंद झाले. ‘आये, गाव काय म्हणंल? दोन पोरं आस्ताना म्हातारी चूल फुकती?’

‘म्हणूंदे.’

मामांनी उठून खताच्या पोत्यांची मागची खोली उघडली आणि पोती बाहेर ओढायला लागले. त्या वाळलेल्या माणसाला पोती ओढताना बघून मालक पळत गेले, मग दीरही गेले. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. जाऊबाईंनी झाडली, मी शेणाने सारवली. खताचा वास मात्र काही केल्या गेला नाही.

पुढच्या गुरुवारी आत्या बाजाराला निघाल्या. मला दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून मी त्याच एसटीत होते. बाजारात पुढे आत्या, मागे पिशवी धरून मामा. आत्या प्रत्येक वांगं दाबून बघत होत्या. भाजीवाली म्हणाली, ‘आजी, किलोभर घ्या, थोडे पैसे सोडते.’ आत्या म्हणाल्या, ‘पावशेर दे. दोघंच हाय आमी.’ हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला, बाजूच्या दोन-तीन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतका. दुधाच्या पैशांतून मामांनी त्यांच्या हातावर नोटा ठेवल्या होत्या. कुठली नोट द्यायची हे त्या दर वेळी मामांना विचारत होत्या. मी लांबूनच बघितलं. पुढे गेले नाही.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी आमटीची वाटी घेऊन मागच्या खोलीकडे गेले. मला वाटत होतं, पहिल्या दिवशी त्यांना जमेल न जमेल. दार उघडं होतं. मेथीची भाजी झाली होती, तव्यावर शेवटची भाकरी होती. मामा ताटावर बसले होते, आणि त्यांच्यासमोर दुसरं ताट होतं. ते म्हणत होते, ‘बस आता. तुझी गोळी झालीय.’ आत्या म्हणाल्या, ‘तुमचं हुंदे.’ मामांनी हात मांडीवर ठेवला. ‘मग म्याबी न्हाय खात.’

मग आत्यांनी शेगडी बंद केली आणि पदर सावरून, नव्या नवरीसारख्या अवघडून, त्या समोरच्या ताटावर बसल्या. दोघांनी एकदमच घास उचलला. मामांनी दुसरी भाकरी स्वतःच्या हाताने घेतली आणि अर्धी मोडून त्यांच्या ताटात टाकली.

मी परत फिरणार होते, पण आत्यांना मी दिसले. घास गिळून त्यांनी मला आत बोलावलं, वाटी घेऊन बाजूला झाकून ठेवली. मी उगीच म्हटलं, ‘आत्या, आमचं चुकलं असलं तर...’

‘तुमचं कुणाचं काय वाकडं न्हाय गं,’ त्या म्हणाल्या. ‘पोरं गुणाची हायती, तुमी पोरीबी. भांडी समदी नीट वाटली. पर आमी भांडी नव्हतो. आमाला कुणीतरी इचारायचं होतं.’

मामा खाली बघून जेवत राहिले. त्या दिवशी मालक लवकर सुटले होते; बाहेर त्यांची मोटारसायकल आल्याचा आवाज आला, तरी मी उठले नाही. ती दोघं पोटभर जेवेपर्यंत तिथेच दाराशी बसून राहिले.