दुसरी किल्ली

साकोलीजवळच्या आमच्या शेडमध्ये आम्ही घरचेच लोक धान कापायच्या आणि शेणखत फेकायच्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या मशिनी बनवतो. नियम एकच: जो मशिनीच्या आत उतरेल, त्याने किल्ली खिशात घालून उतरायचं.

त्या दिवशी बाबा खत फेकायच्या मशिनीच्या पेटीत बसून पात्यांचे नट आवळत होते. किल्ली त्यांच्याच खिशात होती. तेवढ्यात माझा मोठा भाऊ आला, सीटवर चढला आणि त्याने स्वतःच्या खिशातून किल्ली काढली. नव्या लॉकसोबत दोन किल्ल्या येतात, हे आम्हा दीडशहाण्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं! मी ओरडले, पण ग्राइंडरच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? इंजिन गुरगुरलं. पाती फिरायच्या आत मी धावत जाऊन किल्ली उपटली.

पेटीतून आवाज आला, "कोन होय रे?" भाऊ पांढराफटक पडला.

ती किल्ली आम्ही विहिरीत टाकली. तरीही बाबा आत उतरले की आई हातातलं काम सोडून सीटवर जाऊन बसते.

"कायले बसून राहिली? तुले त चालवताच येत नाही," बाबा चिडतात.

"म्हनूनच बसली," आई म्हणते.