शक्तीच्या गोळ्या

पंचाहत्तर-शहात्तर सालची गोष्ट. सोलापुरातल्या एका शाळेत मी शास्त्र शिकवत होतो. उजव्या पायाचा अंगठा सुजून असा लाल झाला की त्यावर पांघरूणही सोसेना. रक्त तपासलं, तर युरिक ॲसिड बरंच वाढलेलं आणि त्यापायी मूत्रपिंडालाही इजा झालेली. डॉक्टरांनी औषध दिलं, पथ्य सांगितलं. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर आकडा होता तिथंच. पत्नी म्हणाली, "दर सोमवारी सिद्धेश्वराला जाऊन तरी या." माझी देवावर श्रद्धा होती की नव्हती, मलाच सांगता आलं नसतं. पण बघू या काय होतं, अशा कुतूहलानं मी जाऊ लागलो.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती. अंगात ताकद यावी म्हणून मी नवी पेठेतल्या दुकानातून जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणून खात होतो, त्याही मुठीनं. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, जितक्या जास्त तितक्या बऱ्या. डॉक्टर हसतील म्हणून त्यांच्यापासूनही लपवलं.

तिसऱ्या सोमवारी दर्शन घेऊन देवळाच्या तळ्याकाठी पायरीवर बसलो आणि गोळ्या तळहातावर ओतल्या. शेजारी एक बाई टेकली होती. मागावर काम करणारी असावी; पदराला सुताचे तुकडे चिकटले होते.

"कसल्या गोळ्या, अण्णा?"

"शक्तीच्या."

"मग दोन मला द्या की. आमच्या घरधन्याच्या पायाला सूज हाय. डागदर म्हनले, किडनी लई खराब हाय."

मी बाटली पुढे केली आणि माझा हात थांबला. "नको अक्का. आजारी माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत."

तिनं माझ्या तळहाताकडे पाहिलं. "तुमी इचारलं व्हय?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. परक्या माणसाला ज्या गोळ्या द्यायला हात धजेना, त्या मी स्वतः रोज गिळत होतो, आणि वर देवाकडे आरोग्य मागत होतो.

त्याच संध्याकाळी साऱ्या बाटल्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून ते म्हणाले, "यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व इतकं घेतलं तर युरिक ॲसिड वाढतं. आणि एवढं क जीवनसत्त्व तुमच्या मूत्रपिंडाला झेपायचं नाही. आधी का नाही सांगितलंत?" गोळ्या बंद झाल्या. काही आठवड्यांत आकडा उतरू लागला. गोळ्यांनी नेमकं किती बिघडवलं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मूत्रपिंड पूर्ववत झालं नाही, पण आणखी ढासळलंही नाही. देवाला काय, डॉक्टरांना काय, शरण जाणं म्हणजे आधी काही न लपवणं, एवढं मात्र मी त्या टेबलापाशी शिकलो.

पुढं एका सोमवारी ती बाई पुन्हा दिसली. मी विचारलं, "अक्का, त्या दिवशी तो प्रश्न तुम्हाला सुचला कसा?"

"सुचायचं काय त्यात? तुमी गोळ्या देईनात, म्हून इचारलं."

मी तिला वाकून नमस्कार केला. ती संकोचून मागं सरकली.