टाकी रिकामी होईपर्यंत

आमचे आमदार पहिल्यांदा निवडून आले आणि अंगावरचा गुलाल पुरता उतरायच्या आतच माझ्या दारात उभे राहिले. मी नवापूरच्या शाळेत मराठी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. त्यांची धाकटी बहीण माझी विद्यार्थिनी, एवढीच आमची ओळख. चहाचा कप हातात घेत ते म्हणाले, "बाई, मला मराठी शिकवा."

"भाऊ, आत्ता मराठीच तर बोलताय."

"हे सभेतलं मराठी. सभागृहातलं वेगळं असतं. तिथं मंत्र्यांच्या उत्तराला दोन दारं असतात. पुढचं अडवलं की मागच्यानं निघून जातात. मला असा प्रश्न विचारायला शिकायचंय की मागचं दारच राहू नये."

त्यांचं गाव गुजरातच्या सीमेवरच्या डोंगरात. घरात कोकणा आदिवासींची कोकणी बोलतात. आमचं घर पिंजाऱ्यांचं. वडील गाद्या भरायचे. घरात हिंदी, बाजारात गुजराती आणि शेजारी अहिराणी. मराठी आम्हा दोघांनाही शाळेनंच दिली होती. म्हणून असेल, मला त्यांना नाही म्हणवलं नाही.

मग अधिवेशन जवळ आलं की ते यायचे आणि आम्ही प्रश्न लिहायला बसायचो. 'रस्त्याची अवस्था कशी आहे?' असं विचारलं की 'समाधानकारक आहे' असं उत्तर येतं, हे आम्ही दोन-तीनदा ठेच लागून शिकलो. 'पावसाळ्यात या रस्त्यानं एसटी जाते का?' असं विचारलं की उत्तर देणाऱ्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. व्याकरण माझं आणि खाचखळगे त्यांचे, अशी आमची वाटणी होती. इतर आमदारांच्या दारात बदल्यांसाठी रांगा लागतात तशा त्यांच्याही लागायच्या. पण माणूस मनापासून रमायचा तो प्रश्नांमध्ये.

डोंगरपट्ट्यातल्या एका मुलींच्या आश्रमशाळेत पाण्याचे हाल आहेत, हे त्यांना तिथल्या पालकांनी सांगितलं. मुली पहाटे घागरी घेऊन उतारावरच्या ओढ्यावर जातात, कधी घसरून पडतात. त्यांनी तारांकित प्रश्न टाकला. छापील उत्तर आलं: 'सदर शाळेतील पाणीपुरवठा सुरळीत आहे.'

सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. त्यांच्या कार्यालयातला एक जुना कार्यकर्ता माझ्यासमोरच त्यांना म्हणाला, "भाऊ, सरकार आपलंच शे. मंग तुम्ही कसाले इचारतस?"

"आपलं आहे म्हणून तर विचारायचं," ते म्हणाले. "परक्याला कोण विचारतं?"

त्यांनी सभागृहात उपप्रश्न लावून धरला. शेवटी विधिमंडळाच्या एका समितीनं दौऱ्यात ती शाळा पाहावी असं ठरलं. समितीत सगळ्या पक्षांचे आमदार होते, आमचेही होते. आदल्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "बाई, तुम्ही चला. मुली माझ्यासमोर बोलायच्या नाहीत, तुमच्याशी बोलतील."

आम्ही पोहोचलो तेव्हा शाळेला नवा रंग दिलेला होता. त्याचा वास अजून गेला नव्हता. रांगोळी, फेटे, स्वागतगीत सगळं झालं. मग अधिकारी सगळ्यांना नळांपाशी घेऊन गेले. एकेक नळ सोडला, तसं भरभरून पाणी आलं. समितीतल्या लोकांनी माना डोलावल्या. पुढं नंदुरबारला विश्रामगृहात जेवण होतं, गाड्याही सुरू झाल्या होत्या.

आमचे आमदार मात्र ओट्यावर बसले. "मुली जेवतात तेच जेवू. इथंच," ते म्हणाले. आणि शाळेच्या अधीक्षिकाबाईंकडे वळून म्हणाले, "आज पाणी आहे, तर मुलींना कपडे धुऊ द्या. केस धुऊ द्या."

मुली जागच्या हलेनात. अधीक्षिकाबाईंचा चेहरा उतरला होता. मीच पुढं झाले आणि म्हटलं, "जा गं, आणा कपडे." मग जी पळापळ झाली! चादरी आल्या, गणवेश आले, परकर आले. नळांपाशी साबणाचा फेस झाला, हसणं-खिदळणं सुरू झालं. समितीतले काही जण आंब्याखाली खुर्च्या टाकून घड्याळ बघत होते. विरोधी पक्षाच्या एक आमदारबाई होत्या, त्या मात्र हे सगळं टक लावून पाहत होत्या. काय चाललंय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

जेवणं उरकली. ताटं धुवायला सगळे उठले आणि नळ खोकला. एकदा, दोनदा, आणि मग नुसती हवा.

"मोटर लावा," आमदार शांतपणे म्हणाले.

मोटर लावली. ती घरघरत राहिली, पण टाकीत थेंब पडला नाही. अधिकाऱ्यांबरोबर आलेला अभियंता रुमालानं मान पुसत होता. शेवटी तोच म्हणाला, "साहेब, बोअर केव्हाच आटलंय. आजच्यासाठी टँकरनं टाकी भरली होती."

तेवढ्यात माझं लक्ष नळापाशी गेलं. एक मुलगी डोक्याला साबण लावून तशीच उभी होती, डोळे गच्च मिटलेले. आमदारांनीही तिला पाहिलं आणि ते एकदम कावरेबावरे झाले. "अरे, हे माझ्या लक्षातच आलं नाही," असं म्हणत गाडीकडे धावले. पण त्यांच्याआधी विरोधी पक्षाच्या त्या बाई पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आल्या. त्यांनी पदर खोचला, मुलीला खाली बसवलं आणि एकेक बाटली रिकामी करत तिचं डोकं स्वच्छ धुतलं.

निघताना अधीक्षिकाबाई रडायलाच लागल्या. त्यांना वाटलं, आता नोकरी गेली. आमदार त्यांना म्हणाले, "ताई, तुम्ही वरती कळवलं होतं ना? मग तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

आणि नाही निघालं. हिवाळी अधिवेशनात त्यांची लक्षवेधी लागली, तेव्हा मी मुद्दाम रेल्वेनं नागपूरला गेले. मोबाइल बाहेर जमा करून प्रेक्षक गॅलरीत बसले. तिथं बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही.

ते पाच-सात मिनिटं बोलले असतील. आवाज चढवला नाही, कोणाची टिंगल केली नाही. काय पाहिलं तेवढं सांगितलं. मंत्री उठले आणि म्हणाले, "सविस्तर माहिती घेऊन सभागृहासमोर ठेवली जाईल."

"अध्यक्ष महोदय, माहिती समितीनं डोळ्यांनी घेतली आहे," आमदार म्हणाले. "उत्तर कोणी चुकीचं लिहिलं, हेही मी विचारत नाही. डोंगराखालच्या नदीवरून त्या शाळेपर्यंत नळ टाकणार की नाही, एवढंच मंत्रिमहोदयांनी सांगावं."

मंत्री कागद चाळू लागले. तेव्हा समोरच्या बाकावरून त्या आमदारबाई उभ्या राहिल्या. "मी विरोधी पक्षाची आहे, पण यात मी त्यांच्याबरोबर आहे. त्या मुलीच्या डोक्यावर मी माझ्या हातानं पाणी ओतलंय." दोन्हीकडची बाकं वाजली. मंत्र्यांनी कागद मिटले आणि ते म्हणाले, "टाकणार."

पण सभागृहात मिळालेलं आश्वासन आपोआप घरी चालत येत नाही. पुढचा उन्हाळा कोरडाच गेला. ते दर अधिवेशनात त्या आश्वासनाचं काय झालं म्हणून विचारत राहिले, मंत्रालयात खेटे घालत राहिले. एका महामंडळावर त्यांचं नाव येणार अशी बोलवा होती, ते आलं नाही. मी हळहळले. ते म्हणाले, "बरं झालं बाई. गाडी मिळाली असती, पण तोंड बंद ठेवावं लागलं असतं."

अखेर नळ आला. उद्घाटनाला मोठी मंडळी येऊन गेली, दगडावर त्यांची नावं लागली. आमचे आमदार त्या दिवशी मागच्या रांगेत होते. पुढं ऐन उन्हाळ्यात, कोणाला न कळवता, ते मला घेऊन तिथं गेले. भर दुपारी नळ सोडला. पाणी आलं. तरी ते बराच वेळ तिथंच उभे होते.

मुली आता त्यांना घाबरत नव्हत्या. एक धीट पोरगी म्हणाली, "न्हाणीघराच्या दारांना कड्या नाहीत. एकीनं दार धरून उभं राहावं लागतं."

मी लगेच विचारलं, "भाऊ, या अधिवेशनात घ्यायचं का हे?"

"बाई, कड्यांना विधानसभा कशाला लागते?" ते हसून म्हणाले आणि त्यांनी ड्रायव्हरला नवापूरला पिटाळलं. संध्याकाळच्या आत सुतार आला. त्यानं सगळ्या दारांना कड्या ठोकल्या, आणि मुलींनी एकेक दार आतून लावून, पुन्हा उघडून पाहिलं.