तिचा शब्द मी पुसला

निजामाच्या राज्याच्या अखेरच्या दोन-तीन वर्षांत मी तुळजापूरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. शिकवणं सगळं उर्दूत. शुक्रवारी सुट्टी असायची, म्हणून गुरुवारचा शेवटचा तास मी माझ्या मर्जीचा ठेवला होता. सहावीत नऊच मुली. त्यांना म्हणायचे, "पुस्तकं मिटा. आपण कोण, कशा आहोत, ते मराठीत लिहा." हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. अमक्याची लेक, तमक्याची बहीण, याच्यापुढं बहुतेकींची पेन्सिल सरकेना.

त्यांत अणदूरची एक मुलगी होती, मामाकडं राहून शिकणारी. तिनं पाटीवर एकच ओळ लिहिली, 'मी हट्टी आहे.'

"असं का गं?" मी विचारलं.

"आई म्हणती. आन् मला बी तसंच वाटतंय, बाई. घरची शाळंला पाठवत न्हवती. दोन दिवस जेवले न्हाय, तवा पाठवलं."

सगळ्या हसल्या. मी बावीस वर्षांची, मुलींना वळण लावायच्या भरात. ओल्या फडक्यानं मी 'हट्टी' पुसलं आणि तिथं 'समजूतदार' लिहिलं. म्हटलं, "हट्ट हा दुर्गुण आहे. स्वतःबद्दल चांगलं लिहावं." ती पाटीकडं बघत राहिली, मग तिनं मान डोलावली.

पुढच्या उन्हाळ्यात मुलखात रझाकारांची धास्ती पसरली. वयात येणाऱ्या मुलींची लग्नं उरकून त्यांना निजामाच्या सरहद्दीपलीकडं, बार्शी-सोलापूरकडं धाडायची घाई सुरू झाली. एक दिवस तिचे वडील शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. शेतकरी माणूस, आत यायलाही संकोचत होते.

"बाई, बार्शीकडचं स्थळ आलंय, चांगलं हाय. पोरगी न्हायच म्हणती. शिकायचंय म्हणती. तुमचं लई ऐकती, जरा सांगा की."

मी त्यांच्याबरोबर मामाच्या घरी गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. मला बघताच तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, मी तिच्या बाजूनं बोलायला आलेय. मी जवळ बसले आणि म्हणाले, "वडील भल्यासाठीच सांगतायत. तू समजूतदार आहेस ना?"

ती म्हणाली, "तुमी म्हणताय तर असंल, बाई."

आठ दिवसांत लग्न लागलं.

निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली. चार-पाच वर्षांनी तिचे वडील देवळाजवळच्या बाजारात भेटले. मी तिची चौकशी केली. "बरी हाय," ते म्हणाले. "पर माहेरी ये म्हणलं तर येत न्हाय." आणि पिशवी उचलून निघाले.

धास्ती खरी होती. वडिलांचं सगळंच चुकलं असं मी म्हणत नाही. पण सोलापूरला माझी बहीण राहायची. मुलगी तिच्याकडं सुरक्षितही राहिली असती आणि शिकलीही असती. हे तेव्हा सुचलंच नाही, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आले. सुचलं होतं. मामाच्या दारात चपला काढतानाच सुचलं होतं. आत वडीलधारी माणसं बसलेली पाहिली आणि मला बोलायचा धीर झाला नाही.