उचगावचे होकायंत्र

दिनांक ४ फेब्रुवारी २००२, सकाळी साडेनऊ. या क्षणापर्यंत माझे आतोबा चुकू शकतात यावर कोल्हापुरात कोणाचाही विश्वास नव्हता. आतोबांचा तर नव्हताच. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी मोजलेला रक्तदाबसुद्धा, यंत्र परदेशी निघाले तर, ते अमान्य करत. अशा गृहस्थांना आमच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेने खरेदी समितीवर घेतले होते. सरावाच्या विमानासाठी होकायंत्र निवडायचे होते: परदेशी, की उचगावच्या एका कारखानदाराने घडवलेले. कोल्हापूरच्या आभाळात कोल्हापूरच्याच यंत्राने दिशा दाखवावी, एवढीच आतोबांची उरलेली इच्छा होती. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी तिथे नुकतीच तंत्रसहायक झाले होते. चाचणी माझ्याकडे होती. आतोबा मात्र यंत्राची पारख सून निवडावी तशी करत. परदेशी कंपनीच्या मुंबईकर प्रतिनिधीला त्यांनी विचारले, "पावणं, पोरगी देखणी हाय. पन आजारी पडली तर माहेरास्नं परत कवा यायची?" दुरुस्तीला सहा महिने लागतात, असे तो म्हणाला. "मग ती नांदायची कवा?"

चाचणीत विमान जमिनीवरच ठरलेल्या दिशांना वळवायचे आणि होकायंत्र किती चुकते ते मी टिपायचे. आतोबा शेजारच्या आसनावर. आदल्या दिवशी उचगावचे यंत्र दोन अंश चुकले होते, परदेशी त्या सकाळी चक्क नऊ. आतोबांनी मिशीला पीळ दिला. मला ते नऊ पटेनात. मग त्यांच्या कोटाचा फुगलेला खिसा दिसला. पाहुण्याच्या हाती सुपारी आणि अडकित्ता ठेवणे हा त्यांचा शिरस्ता. उचगावकर काल तो घेऊन धावपट्टीच्या कडेला सुपारी कातरत बसले होते. मुंबईकरांनी नको म्हटले, म्हणून आज पावशेर लोखंड होकायंत्राच्या कुशीत बसले होते.

मी तसे सांगितले. समितीला यातले काही कळलेही नसते. आतोबा उतरून अडकित्ता दूर ठेवून आले. "पुन्यांदा मोज." परदेशी यंत्र अर्धा अंश चुकले. आतोबांनी समितीला सारे सांगितले, परदेशी यंत्राला मत दिले आणि बाहेर येऊन उचगावकरांना म्हणाले, "दीड अंश घालवून या. मी हाय की."

उचगावकर दरवर्षी सुधारलेले यंत्र आणत. आतोबा दरवर्षी मला कडक मोजायला लावत आणि त्यांना मिसळ खाऊ घालून परत पाठवत. शेवटच्या खेपेला आतोबांना विमानात चढवेना. हँगरच्या दाराशी खुर्ची टाकून ते बसून राहिले. मी उतरून जवळ गेले, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले.

"नात्यानं सांगू नगंस, पोरी. हाय त्ये सांग."

मी नोंद वाचून दाखवली: अर्धा अंश.