आक्कांनी नापास केलेले दोर

आक्का गेल्याचं मला पूर्णा स्टेशनवर कळलं. नांदेडला दवाखान्यात त्यांच्यासाठी डबा घेऊन निघाले होते. ज्वारीची मऊ भाकरी, मुगाचं पातळ वरण आणि आदल्या दिवशी त्यांनी दटावून मागितलेली शेंगदाण्याची चटणी... डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं, तरीही. गाडीची घोषणा झाली आणि तेवढ्यात ह्यांचा फोन आला. ह्यांना रडू आवरत नव्हतं, म्हणून आधी काही समजेचना. मग म्हणाले, "मंदा, आक्का गेली गं." गाडी फलाटावर लागली. मी चढले, खिडकीशी बसले आणि तो डबा मांडीवर धरून नांदेडपर्यंत गेले. आता तो कुणासाठी नेते आहे, हे माझं मलाही सांगता आलं नसतं.

पुढं तेराव्यापर्यंत घरात माणसांची रीघ होती. येणारी बाई दारातच पदर डोळ्यांना लावायची आणि म्हणायची, "बिचारी!" ना नवरा, ना लेकरू, सगळा जन्म लोखंडात गेला, वर नोकरीवरनं काढून टाकलं बिचारीला... मी ऐकत होते आणि चहा देत होते. सुतकाच्या घरात भांडू नये म्हणतात. आता सुतक फिटलं, महिना उलटून गेला. मी पिठाची गिरणी चालवते, लिहिणं माझं काम नाही. पण आक्कांना कुणी बिचारी म्हणावं आणि ते तसंच राहावं, हे मला चालणार नाही. म्हणून लिहिते आहे.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचं काम काय होतं, हे सांगायला गेलं की आमच्या गल्लीतले लोक अर्ध्यातच मान हलवून दुसरा विषय काढायचे. आपल्याकडं शेतात बोअर मारायला गाडी येते, ती सगळ्यांनी पाहिलेली असते. जमिनीतून तेल आणि गॅस काढायला तसंच, पण कैक पटीनं मोठं यंत्र उभं करतात, त्याला रिग म्हणतात. वर मनोऱ्यासारखा लोखंडी सांगाडा, त्याला जाड पोलादी दोर, दोराला माणसाएवढा हुक, आणि त्या हुकाला दिवसभर टनावारी वजनाचे पाइप वर-खाली होत असतात. आजूबाजूला क्रेन, साखळ्या, पट्टे. यातलं काहीही सुटलं तर खाली काम करणारा माणूस उरत नाही. ही उचलायची सगळी साधनं तपासून ती वापरायची की बाद करायची, हे आक्का ठरवायच्या.

हे वेड घरातलंच. मामंजी, म्हणजे माझे सासरे, रेल्वेत होते. रुळावरून डबा घसरला की तो उचलायला जी मोठी क्रेन जायची, तिच्यावरच्या टोळीत. जेवताना ते घरच्यांना त्या क्रेनच्या गोष्टी सांगायचे आणि लहानगी आक्का ताटातलं विसरून ऐकत बसायची. पण तिनं परभणीच्या आयटीआयमध्ये फिटरला नाव घातलं, तेव्हा मात्र ह्याच मामंजींनी तिच्याशी बोलणं टाकलं. मुलीनं शिवण शिकावं, फार तर डी.एड. करावं. फिटर? आक्का रोज रेल्वेनं परभणीला जायच्या, हाताला ग्रीस घेऊन परत यायच्या, आणि मामंजी पेपरात तोंड घालून बसायचे. शेवटी बोलले ते मामंजीच. तिच्या हातातली कानस बघून म्हणाले, "उलटी धरलीस." तिथून बापलेकीचं पुन्हा सुरू झालं. लग्न आक्कांनी केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर मला कधी दिसलं नाही. तेव्हा ते इतरांनी त्यांच्या नावावर लिहू नये.

पहिली रिग राजस्थानात, वाळवंटात. तिथल्या साहेबानं विचारलं, "मॅडम वर चढणार कशा?" त्याचा चहा संपायच्या आत आक्का मनोऱ्याच्या टोकाशी होत्या आणि तिथून दोर फिरतो त्या कप्प्यांवर टॉर्च मारत होत्या. बायकांसाठी संडास नव्हता. मागून मागून दमल्या, मग सामानाच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून स्वतःच खोली उभी केली, दार केलं आणि आतून कडी बसवली. "त्या कडीएवढी भारी कडी आख्ख्या रिगवर नव्हती," असं सांगताना लय हसायच्या.

काम कसं करायच्या, तेही त्यांनी मला आमच्या ओसरीवर बसून दाखवलं होतं. पोलादी दोर असला की त्याच्यावरून सुती फडकं हळूहळू फिरवायचं. आतली एखादी तार तुटून वर आली असेल तर फडकं अडकतं. हुक असला की त्याच्यावर पांढरा रंग मारायचा, चुंबक लावायचं आणि लोखंडाची काळी पूड सोडायची. डोळ्याला न दिसणारी चीर असेल, तर पूड बरोबर तिथं रेघ धरून बसते. "आन् ती रेघ दिसली की मग समोर कुणीबी असू दे," आक्का म्हणायच्या, "मंत्री असू दे न्हाईतर मालक, रेघ पुसत नसते."

ज्या दिवसामुळं त्यांची नोकरी गेली, तो गुजरातमधल्या एका रिगवरचा. मनोऱ्यावर दुरुस्तीसाठी माणसाला पट्ट्यात बसवून वर ओढतात, त्याला एक वेगळी विंच, म्हणजे दोर गुंडाळायचं यंत्र, असतं. तिचा दोर आक्कांना शेवटच्या टोकाशी गंजलेला आणि झिजलेला दिसला. त्यांनी लाल पट्टी बांधली, बाद. तिथल्या साहेबाला त्याच दिवशी माणूस वर पाठवायचा होता. बोलणं हिंदीत झालं असणार, पण आक्का सांगायच्या ते आपल्या बोलीत.

साहेब म्हणाला, "आजचा दिवस एवढ्यावर चालवून घ्या. उद्या नवा दोर येतोय."

"उद्या आला की उद्या माणूस वर जाईल."

"काम थांबलं तर वरच्यांना उत्तर कोण देणार?"

"तुमी द्या. न्हाई जमलं तर माझं नाव सांगा."

तो तावातावानं म्हणाला, "तुमच्या एकटीवर अडलंय का? दुसरा तपासणारा बोलावतो. तो पास करील."

दोघा गड्यांना घेऊन आक्कांनी तो दोर विंचवरून पूर्ण उतरवला, वर्कशॉपच्या शेडमध्ये नेला आणि कापून त्याचे तुकडे केले. बाद झालेली वस्तू पुन्हा कुणी वापरू नये म्हणून ती अशी मोडायचीच असते, तो नियमच आहे. मग साहेबासमोर येऊन म्हणाल्या, "आता बोलवा त्याला. तुकडे पास करायला सांगा."

दुसऱ्या दिवशी जीपनं त्यांना स्टेशनवर सोडलं. ज्या एजन्सीकडून त्या जायच्या, तिनं पुढं काम दिलं नाही. बाई फार ताठ आहे, असं सगळीकडं पसरलं. आणि त्या दोरावरून जो वर जाणार होता, त्यानं आभार मानले असतील असं तुम्हांला वाटेल. छे. काम लांबल्यामुळं त्याची सुट्टी पुढं गेली, म्हणून तो आक्कांशी बोलायलाही तयार नव्हता. मी विचारलं, "आक्का, तुमाला वाईट न्हाई वाटलं?" त्या म्हणाल्या, "कशाचं? चिडायला जित्ता हाय की तो. लय झालं."

मी तेवढ्यावर थांबले नाही. "पण तो दोर तुटलाच असता का?" आक्का म्हणाल्या, "ठाव न्हाई, मंदे. कदाचित आनखी वरीसभर टिकला असता. पण तुटायची वाट बघत बसायचं, याला तपासणी म्हनत न्हाईत." त्यांच्या कामाचं असंच होतं. अपघात झाला नाही, हेच त्यांचं यश, आणि जो अपघात झालाच नाही तो कुणाला दाखवणार? आक्कांना कधी कुणाला दाखवायची गरज वाटली नाही. नोकरी गेल्याचं त्यांनी लपवलं नाही की त्याचा गाजावाजाही केला नाही. पूर्णेला आल्या, दुसऱ्याच दिवशी माझ्या गिरणीच्या पट्ट्यापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्याला जाळी बसवल्याबिगर मी चहा घेणार न्हाई." जाळी बसली, मग चहा घेतला.

झरी हे माझं माहेर. तिथं भाचीच्या बारशाला आम्ही दोघी गेलो होतो आणि त्याच दिवशी गावात एका पुढाऱ्याचं स्वागत होतं. हल्ली पुढाऱ्याच्या गळ्यात हार घालून कुणाचं समाधान होत नाही. क्रेनला झेंडूचा बैलगाडीएवढा हार टांगतात आणि त्याच्याखाली पुढारी, त्याच्याभोवती अख्खं गाव. आम्ही चौकात पोचलो तेव्हा हार जमिनीवर होता आणि पोरं तो क्रेनच्या हुकाला अडकवायच्या पट्ट्याला बांधत होती. आक्कांनी लांबूनच पट्टा बघितला. कडेला उसवलेला, मधे चिरलेला. मला म्हणाल्या, "तू हितंच थांब." आणि जाऊन क्रेनच्या पुढच्या चाकासमोर रस्त्यावर मांडी घालून बसल्या.

गोंधळ उडाला. कार्यकर्ते धावले. "मावशी, उठा! साहेब यायलेत!"

"येऊ द्या की. हार खालीच राहू द्या, साहेब वाकून घेतील. पट्टा बाद हाय. ह्याच्याखाली मानसं उभी करायची न्हाईत."

कुणी म्हणालं विरोधी पार्टीनं पाठवली, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झालाय. माझा सख्खा भाऊ मला म्हणाला, "ताई, तुझ्या नणंदेला आवर." मी म्हणाले, "मी न्हाई आवरत." आणि आक्कांच्या शेजारी जाऊन बसले. आयुष्यात मी केलेल्या शहाण्या गोष्टी फार नाहीत, पण ही एक आहे. शेवटी चार बायका बोलावून आम्हांला उचलून बाजूला केलं. हार वर गेला, फुलं उधळली, पुढाऱ्यानं हात जोडले, आणि काहीही पडलं नाही. सगळा चौक आमच्याकडं बघून हसला. एक जण जवळ येऊन मुद्दाम म्हणाला, "काय झालं का मावशी? काय बी न्हाई झालं!"

"बरं झालं," आक्का म्हणाल्या. "पर पट्टा बादच हाय."

आठवडाभरानं त्या क्रेनचा मालक पूर्णेला आमच्या दारात उभा राहिला. जिंतूरचा सलीमभाई, चांगला दणदणीत गडी. काखेत तोच पट्टा. म्हणाला, "आक्का, त्या दिवशी मी केबिनमधनं सगळं ऐकत होतो. तेव्हापासनं क्रेनवर बसलो की नजर पट्ट्यावरच जातीय. एकदा बघून द्या, बस्स." आक्कांनी बघितलं आणि माझी विळी मागितली. पट्ट्याचे तुकडे होताना सलीमभाईंचा चेहरा पडला. "अरे आक्का, कायको... निदान शेतात तरी वापरला असता!" पण त्यानंतर ते दर काही महिन्यांनी यायचे. हुक, साखळ्या, दोर, सगळं अंगणात पसरायचे. पुढं त्यांच्या ओळखीचे बोअरच्या गाडीवालेही यायला लागले. आमचं अंगण म्हणजे वर्कशॉप झालं आणि ज्यांनी मावशी म्हणून हिणवलं होतं, त्यांच्या गावच्या गाड्याही त्यात होत्या.

मग आक्कांच्या मणक्यात गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं, पण पायातली ताकद गेली ती गेलीच. घरी आणल्यावर ह्यांनी त्यांना उठवायला हात पुढं केला, तर म्हणाल्या, "मला उचलायचं न्हाई. मी उठणार हाय." आमच्या मागच्या खोलीला वर लोखंडी गर्डर आहे. खाटेवर बरोबर त्याच्याखाली झोपल्या आणि सांगितलं, इथं दोर बांधा, टोकाला लाकडी दांडी लावा. नवा दोर सलीमभाईंनी आणला. बांधून झाला, पण आक्का हात लावेनात. "आधी तपासणी. सलीमभाई, लटका."

"मी?"

"तुमीच. माझ्या दुप्पट भार पायजे."

सलीमभाई दांडीला लटकले. आक्का गाठीकडं बघत राहिल्या. मग ह्यांना म्हणाल्या, "तू बी लटक." दोन बाप्ये एका दांडीला पाय वर घेऊन लोंबकळताना मी पहिल्यांदाच बघितले. मला हसू आवरेना, आणि आक्का मात्र गंभीर चेहऱ्यानं, "अजून... अजून थोडं..." करत होत्या. मग म्हणाल्या, "पास." त्यानंतर शेवटच्या वेळी दवाखान्यात नेईपर्यंत त्या रोज सकाळी त्या दांडीला धरून स्वतः उठून बसल्या. दात-ओठ खाऊन, घामाघूम होऊन, पण स्वतः. मी जवळ उभी राहायचे. हात लावायची परवानगी नव्हती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "तेवढा दोर काढा आधी. घरात असा वर टांगलेला दोर बरा दिसत न्हाई. लोक काय समजतील?" ह्यांनी मुकाट्यानं स्टूल आणलं. आपल्याकडं वर टांगलेल्या दोराचा एकच अर्थ घ्यायची सवय झाली आहे सगळ्यांना, मलाही ते कळतं. पण मी स्टुलावर हात ठेवला.

"हात लावू नका. हा उठायचा दोर हाय."

सासूबाई काहीतरी पुटपुटल्या. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, दोराकडं बघितलं आणि स्टूल परत नेऊन ठेवलं.

आता दुपारी गिरणी बंद केली की मी त्याच खोलीत, त्याच खाटेवर जरा आडवी होते. दिवसभर उभं राहून गुडघे धरतात, एका दमात उठता येत नाही. डोळे उघडले की आधी वर बघते, गर्डरपाशी, गाठीकडं. नीट बघते. मग दांडी धरून अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकते, आणि उठते.