जर-तर मास्तर

आमच्या मास्तरांशी बोलताना 'म्हणून' हा शब्द जपून वापरावा लागे. तो कानावर पडला की ते हातातलं काम थांबवत, चष्मा कपाळावर चढवत आणि शांतपणे विचारत, "म्हणून? कशावरून म्हणून?" सांगलीच्या हायस्कुलात ते आम्हांला भूमिती शिकवत. मूळचे साताऱ्याचे. अंगानं किरकोळ, डोक्याला काळी टोपी, कोटाच्या खिशात खडूचे तुकडे. मुलं पाठीमागे त्यांना 'जर-तर मास्तर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याचं वाईटही वाटत नसे.

मी पलूसजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. आत्याकडे राहून शिकत होते. वर्गात आम्ही तिघीच मुली. पहिल्या आठवड्यातच मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'हळदीच्या पेठेत हमाली केली तर कपडे पिवळे होतात.' मग मला उठवून विचारलं, "समोरून पिवळ्या कपड्यांचा माणूस आला. तो हमाल का?"

"हो," मी म्हणाले.

"कशावरून? अंगाला हळद लागलेला नवरदेव असेल. बरं, पांढऱ्याशुभ्र कपड्यांचा माणूस आला. तो आज पेठेत हमाली करून आला असेल?"

"नाही."

"हे बरोबर. सरळ वाक्य नुसतं उलटं फिरवलं तर ते दगा देतं. 'नाही' धरून मागे आलं तर देत नाही." हे त्यांनी वर्षभर घोटून घेतलं. त्रिकोण, वर्तुळं मी पुढे बरीच विसरले, हे नाही विसरले.

एकदा वर्गातल्या नकाशावर कोणीतरी शाई सांडली. हेडमास्तरांनी एका मुलाचे निळे हात पाहिले आणि त्याला छडी द्यायला पुढे बोलावलं. मास्तर मध्ये आले. "सांडणाऱ्याचे हात निळे असणार, हे कबूल. पण निळे हात ते सांडणाऱ्याचेच, असं कुठे आहे?" त्यांनी सगळ्या वर्गाला हात वर करायला लावले. तीस-चाळीस निळे पंजे वर झाले. मास्तरांनी मग आपलाही हात वर केला. तो सगळ्यांहून निळा होता. हेडमास्तर छडी घेऊन निघून गेले. नकाशा कोणी खराब केला ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मास्तरांना त्याची रुखरुख लागून राहिली.

माझा दादा फौजेत होता. दुसऱ्या महायुद्धात त्याची पलटण मलायात गेली, शत्रूच्या हाती सापडली, आणि घरी सरकारी कागद आला: बेपत्ता. त्यानंतर दोन वर्षं एक ओळ आली नाही. वहिनी एकोणीस वर्षांची होती. एका शनिवारी गावाकडून निरोप आला की येत्या सोमवारी दादाचे दिवस घालायचे आणि वहिनीच्या बांगड्या उतरवायच्या. माझे चुलते, तात्या, घरातले कर्ते. त्यांचं म्हणणं साधं होतं: जिवंत असता तर पत्र आलं असतं. पत्र नाही, म्हणजे तो नाही.

शाळा सुटल्यावर मी मास्तरांसमोर उभी राहिले आणि हे सांगता सांगता रडले. दादासाठी तर रडलेच, पण तात्यांचा हिशेब मास्तरांनी शिकवलेल्या रीतीनंच बरोबर येत होता, म्हणूनही रडले.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, "तात्यांचं शेवटचं पाऊल चुकलेलं नाही. पण पहिलं वाक्य कोणी तपासलं? जिवंत माणसाचं पत्र येतंच, हे कोणी सांगितलं?"

रविवारी ते माझ्याबरोबर गावी आले. स्टेशनपासून तीन मैल चालत. तात्यांनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं. स्वतः तात्या पहिल्या लढाईत इराकात बसऱ्याकडे जाऊन आलेले. मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "तात्या, तुमच्या वेळी कोणी कैदेत सापडलं होतं का?"

"व्हय. आमच्याच कंपनीतला एक गडी हुता."

"त्याचं पत्र येत होतं?"

तात्या तंबाखू मळत होते. त्यांचा अंगठा थांबला. "न्हाई," ते म्हणाले. "लढाई मिटल्यावर त्योच आला. घरच्यांनी आस सोडली हुती." थोड्या वेळानं ते उठले आणि आतल्या बायकांना म्हणाले, "उद्याचं ऱ्हाऊ द्या."

आई दारात उभी होती. "आवं मास्तर, मंग माजा ल्योक जित्ता हाय म्हना की."

"नाही, आक्का," मास्तर म्हणाले. "तसं मला म्हणता येत नाही. तो गेला असं ठरत नाही, एवढंच."

आईला ते बोलणं लागलं. तिनं त्यांना जेवायला वाढलं, पण एक शब्द बोलली नाही. वहिनी मात्र त्यांच्या पाया पडली तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या.

लढाई संपली आणि काही महिन्यांनी कागद आला. दादा कैदेत आजारानं गेला होता. खाली तारीख होती. मास्तर आमच्या घरी येऊन गेले त्यानंतर जवळजवळ वर्षभरानं तो वारला होता. तात्यांनी माझ्याकडून ती तारीख तीनदा वाचून घेतली. "तवा बांगड्या उतरवल्या असत्या," ते म्हणाले, "तर जित्त्या मानसाच्या नावाच्या उतरवल्या असत्या." त्यानंतर त्यांनी घरातला कुठलाही निर्णय वहिनीला विचारल्याशिवाय घेतला नाही.

मास्तर तोवर निवृत्त होऊन साताऱ्याला गेले होते. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. मग मला मोटारीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. वाटेत मी धीर करून म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी आईला 'जिवंत आहे' म्हणाला असतात, तर ते खरं ठरलं असतं."

"खरं ठरलं असतं," ते म्हणाले. "पण मला ते ठाऊक नव्हतं." दोन पावलं गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुझी आई अजून रागावली आहे का माझ्यावर?"

मी नाही म्हणाले. ते खरं नव्हतं. कशावरून, असं त्यांनी या वेळी विचारलं नाही.